उशिरा भरणारी जखम

भाजलेल्या माणसाची जखम चामड्यासारखी कमवायची, ही कल्पना आज अघोरी वाटेल. पण १९२५ साली डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील एडवर्ड डेव्हिडसन या शल्यचिकित्सकाने भाजलेल्या भागावर टॅनिक आम्लाचे द्रावण लावण्याची पद्धत मांडली आणि पुढे पंधरा-सोळा वर्षे ती अनेक देशांत रूढ राहिली. टॅनिने आपल्याला अनोळखी नाहीत. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत ती भरपूर असतात, म्हणून तर कातडे कमावण्यासाठी या दोन्ही गोष्टी वापरात आल्या. टॅनिनाचे रेणू कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू एकमेकांशी बांधून टाकतात. मग कातडे कुजत नाही. जखमेवरही तसेच घडे. वर एक तपकिरी, चिवट कवच धरे आणि शरीरातले पाणी झिरपून जाणे थांबे. भाजलेला माणूस पहिल्या काही दिवसांत दगावतो तो बऱ्याचदा या झिरपण्यामुळे, तेव्हा डेव्हिडसन यांचा विचार अडाणीपणाचा नव्हता.

कवचाखाली मात्र जंतू वाढत, आणि टॅनिक आम्ल रक्तात शोषले गेले तर यकृताला इजा होते हेही पुढे लक्षात आले. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बॉस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे मरण पावली. त्या वेळी मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी टॅनिक आम्ल बाजूला ठेवून मलम लावलेल्या मऊ जाळीदार कापडाच्या पट्ट्या वापरल्या. कमावण्याची पद्धत त्यानंतर मागे पडली. तिच्यामागची इच्छा मात्र टिकून राहिली: जखम लवकरात लवकर बंद झाली पाहिजे.

याच रुग्णालयात पुढे जॉन बर्क हे शल्यचिकित्सक भाजलेल्या रुग्णांवर उपचार करीत. जळून मेलेली त्वचा आपोआप सुटून पडण्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहू नये, ती लगेच कापून काढावी, कारण जंतूंचे घर तेच, असा त्यांचा आग्रह होता. पण मृत त्वचा काढली की उघड्या पडलेल्या मांसावर घालायचे काय? रुग्णाचीच त्वचा दुसरीकडून काढून लावणे उत्तम. ज्याचे शरीर ८० टक्के भाजले आहे, त्याच्याजवळ ती उरते किती? मृत व्यक्तीची किंवा डुकराची त्वचा काही आठवडे टिकते, मग शरीर ती नाकारते.

१९६९ मध्ये बर्क यांची गाठ इओआनिस यानास यांच्याशी पडली. यानास मूळचे अथेन्सचे, बहुवारिकांचे अभ्यासक, आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यंत्र अभियांत्रिकी विभागात प्राध्यापक! जखमेचा प्रश्न यंत्र अभियंत्याकडे गेला हे वाचून विद्यार्थी हसतील. त्यांना जरूर हसू द्यावे, आणि मग पुढची हकिकत सांगावी.

दोघांना हवे होते एक आच्छादन, ज्याखाली जखम लवकर मिटेल. यानास यांनी निरनिराळ्या बहुवारिकांचे पडदे तयार केले आणि ते गिनीपिगच्या जखमांवर लावून पाहिले. जखम मिटण्याचा वेग काही वाढेना. कोलॅजेनपासून बनवलेल्या एका पदार्थाने तर उलटेच केले. त्याखालची जखम नेहमीपेक्षा उशिरा मिटू लागली. वेग वाढवणे हे ध्येय असताना ही सरळसरळ नापासाची खूण होती. पण तो नमुना फेकून न देता त्यांनी त्या जागेचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तिथे व्रणाची ऊती नव्हती, जवळपास निरोगी अंतस्त्वचेसारखी रचना दिसत होती.

याचा अर्थ समजण्यासाठी जखम भरते म्हणजे काय होते, हे पाहिले पाहिजे. प्रौढ सस्तन प्राण्यात बाह्यत्वचेचा पातळ थर पुन्हा तयार होतो, त्याखालची जाड अंतस्त्वचा मात्र पूर्ण नष्ट झाली तर परत येत नाही. शरीर जखमेच्या कडा ओढून जवळ आणते आणि उरलेली फट व्रणाच्या ऊतीने बुजवते. जीव वाचतो, पण कातडे आकसते. स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या आणि हनुवटी छातीकडे ओढली गेलेल्या स्त्रिया आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. जखम भरली, पण मान वर होत नाही! लवकर मिटणे आणि नीट भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यानास यांच्या पदार्थाने कडांची ही ओढ थोपवून धरली होती, आणि मिळालेल्या अवधीत पेशी त्याच्या छिद्रांतून शिरून नवी अंतस्त्वचा विणत होत्या. इमारतीला परांची बांधतात, गवंडी तिच्यावर उभे राहून काम करतात आणि काम झाले की परांची उतरवतात. इथली परांची उतरवावी लागत नाही, शरीरातील विकरेच ती पचवून टाकतात.

आता खरी अडचण. परांची लवकर विरघळली तर गवंडी खाली पडतील. फार दिवस राहिली तर तिच्याभोवतीच व्रण धरेल. नुसते कोलॅजेन विकरांना फार लवकर बळी पडते. म्हणून त्यात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ही दुसरी नैसर्गिक बहुवारिक साखळी मिसळली. कोलॅजेन गाईच्या कातड्यातून किंवा स्नायूबंधांतून मिळे, तर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट शार्क माशाच्या कूर्चेतून. सौम्य ॲसेटिक आम्लात कोलॅजेनवर धनभार असतो आणि दुसऱ्या साखळीवर ऋणभार, त्यामुळे दोन्ही एकमेकांना धरून खाली बसतात. हा साका गोठवून निर्वातात ठेवला की बर्फाचे संप्लवन होते आणि जिथे बर्फाचे स्फटिक होते तिथे छिद्रे उरतात. संप्लवन शिकवताना कापराबरोबर हेही उदाहरण द्यायला हरकत नाही. छिद्रांचा व्यास साधारण २० ते १२० मायक्रॉन असला तरच काम होते. शेवटी उष्णतेने व ग्लुटाराल्डिहाइडने तंतू एकमेकांशी बांधायचे. म्हणजे हे पुन्हा कातडे कमावणेच झाले, पण बेताने, आणि रुग्णाच्या अंगावर नव्हे तर प्रयोगशाळेत!

दोन पदार्थ मिळून तिसरेच गुण देतात, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगारमध्ये ठेवा. क्षार निघून जातात आणि उरलेले कोलॅजेन रबरासारखे वाकते. दुसरे हाड चांगले जाळले तर कोलॅजेन जाते आणि उरलेले क्षार बोटांनी चुरता येतात. हाडाचा कणखरपणा एकट्या कोणाचाच नाही.

बर्क आणि यानास यांच्या त्वचेला दोन थर होते. खाली ही सच्छिद्र परांची, वर पाणी व जंतू अडवणारा सिलिकोनचा तात्पुरता पापुद्रा. दोन-तीन आठवड्यांनी पापुद्रा सोलून रुग्णाच्याच त्वचेची सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची चकती तिथे लावायची. इतक्या पातळ चकतीमुळे जिथून ती काढली ती जागाही लवकर बरी होते. १९८१ साली त्यांनी दहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्येकाचे शरीर ५० ते ९५ टक्के भाजले होते आणि शरीराच्या ६० टक्क्यांपर्यंत पृष्ठभाग या त्वचेने झाकला होता. १९८८ मध्ये अकरा केंद्रांतील १०६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, आणि १९९६ मध्ये ‘इन्टेग्रा’ या नावाने तिला अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली. ‘ऊती अभियांत्रिकी’ हे नाव १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळले, म्हणजे बारशाच्या आधीच मूल चालू लागले होते.

आपल्याकडे १९८५ मध्ये मुंबईचे डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. कोणी याला गावठी उपाय म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही, कारण जखम ओली ठेवणारे आणि बदलताना न चिकटणारे आच्छादन गरीब रुग्णाला जवळजवळ फुकट मिळत होते. मात्र ते आच्छादन आहे, परांची नव्हे. खोल जखमेत अंतस्त्वचा उभी करणे त्याला जमणार नाही. परांचीची किंमत हा प्रश्न आपल्याकडे राहिलाच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातील पेशीबाह्य जाळे वापरून ‘कोलेडर्म’ तयार केले आणि २०२३ मध्ये त्याला भारतीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

इन्टेग्रावर वाढलेली त्वचा ताणली जाते, मुलांमध्ये शरीराबरोबर वाढतेही. तिच्यात केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी मात्र येत नाहीत. म्हणून ज्याचे बरेचसे शरीर अशा त्वचेने झाकलेले आहे, त्याला उन्हाळ्यात फार जपावे लागते.