बंदिवानाचे दांत

नागपूरच्या पूर्व अंगास कळमना येथें कृषि उत्पन्न बाजार समितीचें विस्तीर्ण आवार आहे. धान्य, संत्रीं व लाल मिरची यांच्या राशी तेथें पडतात. आणि विदर्भांतील इतर बाजारांप्रमाणें खर्राहि तेथें अपरिचित नाहीं. सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला हा पदार्थ श्रमणाऱ्याची भूक कांहीं वेळ मारतो. पण त्याची किंमत तोंडास द्यावी लागते. गालाचें अस्तर ताठर होत जाऊन अखेर तोंडच उघडेनासें होतें. भारतांत या रोगाचें वर्णन १९५३ सालीं जोशी यांनीं केलें. प्रारंभीं संशय मिरचीवर होता. १९६० मध्यें सिरसाट व खानोलकर यांनीं मिरचींतील तिखट द्रव्य उंदरांच्या टाळूस लावून प्रयोगहि केले. पुढें दोष सुपारीकडे आला, आणि २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ती कर्करोगजनक ठरविली. महाराष्ट्र सरकारनें २०१२ मध्यें गुटख्यास बंदी केली. पण सवय आज्ञेनें सुटत नाहीं.

असें तोंड घेऊन जो मनुष्य तुरुंगांत जातो, त्याच्या दांतांची काळजी कोणीं वाहावयाची, हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

नागपूरचा मध्यवर्ती तुरुंग १८६४ चा. दंतवैद्यकाचें पहिलें विद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास काढलें तें १९२० सालीं. दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा. आणि नागपूरचें शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चें. म्हणजे शंभरांहून अधिक वर्षें या शहरांत तुरुंग होता, पण दंत महाविद्यालय नव्हतें.

१८९४ च्या तुरुंगांच्या कायद्यांत पाहावें तर २४ व्या कलमांत आधीं बंदिवानाची झडती आहे, मग वैद्याची तपासणी. वैद्यानें प्रकृति, जखमा व खुणा लिहावयाच्या आणि सक्तमजुरीस मनुष्य कितपत लायक आहे तें नोंदावयाचें. दांतांचें नांव तेथें नाहीं. ४२ व्या कलमानें निषिद्ध वस्तु आंत नेणारास सहा महिनेपर्यंत कैद किंवा दोनशें रुपयेपर्यंत दंड सांगितला. व्यसनाची वस्तु कायद्यास दिसली. व्यसनानें झालेला विध्वंस दिसला नाहीं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत, व्यसनी अपराध्यास शिक्षेऐवजीं उपचारास धाडण्याचा अधिकार न्यायालयास दिला, ही मोठीच सुधारणा होय; परंतु तो उपचार व्यसन सोडविण्याचा.

जगानें मात्र दांतांचें नांव स्पष्ट घेतलें. १९५५ सालीं जिनीव्हा येथें संमत झालेल्या नियमांत प्रत्येक बंदिवानास लायक दंतवैद्य मिळावा असें २२ वें कलम होतें. २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं मंडेलांच्या नांवानें ते नियम नव्यानें घालून दिले, तेव्हां २५ व्या कलमांत तेंच वचन कायम राहिलें.

हें वचन व्यसनी मनुष्यास अधिक कां लागतें, तें सांगितलें पाहिजे. अफूच्या जातीचे पदार्थ लाळ आटवितात, म्हणून दांत किडतात. आणि तेच पदार्थ वेदनाहि दाबून ठेवतात. तुरुंगांत अमल उतरला कीं वर्षानुवर्षें निजलेली कळ जागी होते. तो औषध मागतो, तेव्हां ऐकणारास वाटतें कीं हा पुन्हां नशाच मागत आहे. खरी वेदना अशी खोटी ठरते. बाहेरच्या रुग्णालयांत जावयाचें तर पोलिसांचा पहारा मिळावा लागतो. दांत भरण्यास कधीं कधीं अनेक खेपा लागतात, आणि तारखा व जामीन यांत कच्च्या कैद्याचा उपचार अर्धाच राहतो. मग वांचविण्याजोगा दांतहि उपटला जातो.

कोणी म्हणेल, कळमन्याचा प्रामाणिक हमाल रांगेंत उभा असतां अपराध्याचे लाड कशास? हमालावर अन्याय होतो हें खरेंच. पण तो रांगेंत उभा तरी राहूं शकतो. बंदिवानाचे पाय सरकारनें बांधले आहेत. ज्यानें पाय बांधले त्यानेंच वैद्य आणून दिला पाहिजे. न्यायाधीश शिक्षेंत महिने व वर्षें लिहितो. दांतदुखी कोणत्याहि निकालपत्रांत लिहिलेली नसते. तुरुंगाच्या दारांत झडतीसाठीं बंदिवानास तोंड उघडावयास लावतां येतें, तर तेंच तोंड एकदां दंतवैद्यास दाखवून त्याची नोंद कां करूं नये? एवढ्यानें सर्व सुधारेल असें नाहीं. पण वेदना खरी कीं खोटी, याचा निर्णय मग पहारेकऱ्याकडे राहणार नाहीं.