पदवीची किंमत आणि इतिहासाचे मोल

इतिहासाच्या पदवीसाठी काढलेले कर्ज तिच्यामुळे मिळणाऱ्या पगारातून फिटेल का, हा प्रश्न आज इतका स्वाभाविक वाटतो की, या प्रश्नालाही एक इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. इंग्लंडमध्ये तो जेमतेम तीन-चार दशकांचा आहे आणि कायद्यांच्या तारखांतून तो स्पष्ट वाचता येतो.

१९६२ च्या शिक्षण कायद्याने पहिल्या पदवीची फी भरणे आणि पालकांच्या उत्पन्नानुसार निर्वाहासाठी अनुदान देणे ही जबाबदारी स्थानिक प्रशासनांवर टाकली. विद्यापीठापर्यंत पोहोचणारेच त्या काळी थोडे होते, हे खरे; परंतु जो पोहोचला त्याला विषय निवडताना पुढच्या पगाराचा ताळेबंद मांडावा लागत नव्हता. १९९० मध्ये निर्वाहखर्चासाठी सरकारी कर्ज आले. १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी सुरू झाली. २००६ मध्ये तिची मर्यादा ३,००० पौंड झाली आणि २०१२ मध्ये ९,०००. याच शेवटच्या टप्प्यावर मानव्यविद्यांच्या अध्यापनासाठी मिळणारे सरकारी अनुदान जवळजवळ संपुष्टात आले. जो खर्च समाजाने करायचा होता, तो विद्यार्थ्याच्या नावे लिहिला गेला. पदवीच्या 'परताव्या'ची भाषा रुळली ती या खांदेपालटानंतर. २००३ मध्ये फीवाढीचा वाद पेटलेला असताना शिक्षणमंत्री चार्ल्स क्लार्क यांचे मध्ययुगाच्या अभ्यासकांविषयीचे एक विधान छापून आले. शोभेपुरते असे काही अभ्यासक असायला हरकत नाही, पण सरकारने त्यांच्यावर पैसा का खर्चावा, असा त्याचा आशय होता. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा पुढे करण्यात आला; तरी त्या काळाची मनोवृत्ती त्या वादातून उघड झालीच.

या कर्जाचे स्वरूप मात्र नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे कर्ज म्हटले की सावकार, जामीनदार आणि जप्ती डोळ्यांपुढे येते. इंग्लंडमधील विद्यार्थ्याचे कर्ज तसे नाही. ऑगस्ट २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी जी व्यवस्था लागू झाली, तिच्यात वार्षिक २५,००० पौंडांवरील मिळकतीच्या ९ टक्के रक्कम परतफेडीसाठी कापून घेण्याचे ठरले. म्हणजे ३०,००० पौंड कमावणाऱ्याने वर्षाला ४५० पौंड द्यायचे. २५,००० किंवा त्याहून कमी कमावणाऱ्याने काहीच नाही. चाळीस वर्षांनी उरलेली बाकी माफ होते. त्यामुळे कमी पगाराचा इतिहास-पदवीधर कर्जापायी देशोधडीला लागेल, ही भीती अनाठायी आहे. पण २०१२ च्या व्यवस्थेत माफीची मुदत तीस वर्षे होती, ती नव्या विद्यार्थ्यांसाठी चाळीस झाली, हेही विसरता येत नाही. शाळेत शिकवणारा किंवा दप्तरखान्यात काम करणारा मध्यम पगाराचा माणूस एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन साठीपर्यंत हे ओझे वाहू शकतो.

शिवाय कराराच्या अटीही स्थिर राहिल्या नाहीत. २०१२ नंतरच्या विद्यार्थ्यांना सांगितले होते की, परतफेडीची २१,००० पौंडांची उत्पन्नमर्यादा पुढे वेतनवाढीबरोबर वाढत जाईल. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने ती गोठवण्याचे ठरवले, आणि हा निर्णय आधीच कर्ज घेतलेल्यांनाही लागू केला. पुढे राजकीय दबाव वाढल्यावर एप्रिल २०१८ पासून ती २५,००० करण्यात आली. दस्तऐवज वाचण्याची सवय असलेल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एवढे तरी ओळखावे की, ज्या कराराची कलमे एका पक्षाला नंतर बदलता येतात, त्याच्यावर आधारलेले आयुष्यभराचे गणित हा अंदाजच असतो.

सरासरीचे आकडेही असेच जपून वाचावे लागतात. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार कर आणि कर्जफेड वजा जाता पदवीचा आयुष्यभराचा सरासरी लाभ पुरुषांना सुमारे १,३०,००० आणि स्त्रियांना सुमारे १,००,००० पौंड होतो. मात्र पाचांतील एकाला पदवी न घेणेच आर्थिकदृष्ट्या फायद्याचे ठरले असते. विषय आणि विद्यापीठ यांनुसार हा लाभ फार बदलतो. प्रश्न असा की, या तफावतीची झळ कोणाला लागते?

जानेवारी २०२० मध्ये संडरलंड विद्यापीठाने इतिहास, राज्यशास्त्र आणि आधुनिक भाषा हे विषय बंद करण्याचे जाहीर केले; रोजगाराभिमुख अभ्यासक्रमावर लक्ष केंद्रित करणे, हे कारण दिले गेले. ज्या शहरातील शेवटच्या जहाजगोद्या १९८८ मध्ये आणि शेवटची कोळशाची खाण १९९३ मध्ये बंद पडली, ते हे शहर. आपले असे का झाले, हे विचारण्याची गरज ज्या गावाला सर्वांत अधिक, तेथेच तो विषय उठला. जवळच्या डरहॅमच्या जुन्या, प्रतिष्ठित विद्यापीठात मात्र इतिहास शिकवला जातोच. म्हणजे इतिहास संपत नाही. तो कोणी शिकायचा, एवढेच बदलते.

ही हानी केवढी, हे इंग्लंडच्याच इतिहासलेखनावरून कळते. आर. एच. टॉनी १९०८ पासून रॉचडेल आणि लाँगटन येथे कामगारांचे वर्ग घेत असत. सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावरील १९१२ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, विणकर, कुंभार आणि खाणकामगार विद्यार्थ्यांनी आपले विचार तपासून घ्यायला लावले, याचे ऋण त्यांनी मानले आहे. ई. पी. थॉम्पसन यांनी इंग्रज कामगारवर्गाच्या घडणीचा १९६३ मधील ग्रंथ लिहिला, तोही लीड्स विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात प्रौढांना शिकवत असतानाच. त्या वर्गांतील विद्यार्थ्यांचा 'परतावा' मोजला असता तर तो नगण्य भरला असता. इतिहासाला मिळालेला परतावा मात्र अजून फिटलेला नाही.

विद्यार्थ्याने कर्ज आणि पगार यांचा हिशेब मांडू नये, असे म्हणणे निष्ठुरपणाचे होईल; कर्ज त्याला फेडायचे आहे. पण तोच हिशेब विद्यापीठाने आणि सरकारने विषय ठेवण्या-उठवण्यासाठी वापरला, तर इतिहास लिहिण्याचा अधिकार हळूहळू ज्यांना कर्जाची चिंता नाही त्यांच्याकडेच जाईल. मग खाणकामगाराच्या नातवाविषयी लिहिले जाईल. त्याने स्वतः लिहिलेले मात्र वाचायला मिळणार नाही.