नीरेच्या माथ्यावरचा कायदा : भोर-वेल्ह्यातील नदीपाण्यावरील सरकारी देखरेखीचा इतिहास

सह्याद्रीच्या माथ्यावर शिरगावजवळ उगम पावणारी नीरा, भोरच्या उत्तरेकडील डोंगरांतून येऊन तिला मिळणारी वेळवंडी आणि तोरणा-राजगडाच्या कुशीतून वाहणाऱ्या कानंदी व गुंजवणी या नद्यांची वरची खोरी भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत येतात. या खोऱ्यांच्या घाटमाथ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर याच नद्यांच्या पाण्यावर शेती करणाऱ्या बारामती, इंदापूर, फलटण आणि माळशिरस या पट्ट्यांत तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. या विषमतेवर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकात नदीच्या पाण्याची जी सरकारी व्यवस्था उभी राहिली, तिचे नियम, अधिकारी, नोंदी आणि दंड हे सारे धरणाच्या भिंतीपासून खाली मोजण्यासाठी रचले गेले. भिंतीच्या वरच्या गावांना त्या व्यवस्थेत हक्कदार म्हणून स्थान मिळाले नाही, हेच या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

१८७६ ते १८७८ या वर्षांच्या दुष्काळाने दख्खनचा पूर्व भाग होरपळला आणि त्यानंतर नीरा डाव्या कालव्याची उभारणी वेगाने झाली. वीर येथील बंधाऱ्यातून निघणारा हा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. त्याला उन्हाळ्यातही पाणी मिळावे म्हणून वेळवंडीवर भाटघर येथे दगडी धरण बांधण्यात आले, आणि त्याच्या जलाशयाला अभियंता व्हाइटिंग यांच्या नावावरून ‘लेक व्हाइटिंग’ असे नाव पडले. या बांधकामाइतकेच महत्त्व १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याला आहे, कारण नदीच्या पाण्यावर सरकारचा अधिकार कसा प्रस्थापित होतो हे त्याने सुस्पष्टपणे सांगितले. एखाद्या नदीचे किंवा ओढ्याचे पाणी कालव्यासाठी वापरणे इष्ट वाटल्यास सरकारने तशी अधिसूचना काढावी, आणि त्यामुळे ज्यांचा पूर्वापार पाणीवापर बंद पडेल त्यांच्या भरपाईच्या मागण्या ऐकून घ्याव्यात, अशी त्यात तरतूद होती. बेकायदा पाणी घेणारी व्यक्ती सापडली नाही, तर ज्याच्या शेतात ते पाणी गेले त्याच्याकडून, आणि तेही ठरवता न आल्यास त्या चारीचे पाणी घेणाऱ्या सर्वांकडून, आकार वसूल करण्याची मुभाही या कायद्याने दिली. सामुदायिक जबाबदारीचे हे तत्त्व कठोर होते, परंतु शेकडो चाऱ्यांवर मोजक्या माणसांनी लक्ष ठेवायचे असल्याने प्रशासनाला ते सोयीचे वाटले असावे.

येथे एक राजकीय गुंतागुंत लक्षात घ्यावी लागते. शंकराजी नारायण सचिव यांच्या वंशाकडे असलेले भोर संस्थान विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड अशा पाच तालुक्यांत विभागलेले होते, आणि वेल्हे तालुक्याचा प्रदेश प्रामुख्याने राजगड व प्रचंडगड यांत मोडत असे. मुंबई इलाख्याचा कायदा संस्थानाच्या हद्दीत आपोआप लागू होत नसे. म्हणजे पाण्याचे उगम एका सत्तेखाली आणि पाण्याचे लाभक्षेत्र दुसऱ्या सत्तेखाली, अशी स्थिती ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन होईपर्यंत राहिली. विलीनीकरणाने हद्दीचा प्रश्न मिटला, तरी नियमांची दिशा तीच राहिली.

कालव्यावरील प्रत्यक्ष देखरेख पाटकरी, कालवा निरीक्षक आणि शाखाधिकारी यांच्या हातून होत असे, आणि या सेवकांचे काम समजल्याशिवाय कायद्याचा अर्थ पूर्ण लागत नाही. पाणी हवे असलेल्या शेतकऱ्याने हंगामाआधी ‘नमुना सात’ या अर्जावर पीक आणि क्षेत्र लिहून द्यायचे, मंजुरीनंतर त्याला पाळी मिळायची आणि पाटकऱ्याने ठरलेल्या वेळी चारीचे दार उघडायचे, ही रूढ पद्धत होय. हंगामात पिकांची मोजणी होऊन अर्ज न करता भिजवलेल्या ‘बिनअर्जी’ क्षेत्राचा पंचनामा केला जाई व त्यावर जादा पाणीपट्टी बसे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. तीत ठरावीक गटातील जमिनीला काही वर्षांसाठी पाण्याची हमी मिळे, मात्र त्यातील मर्यादित भागावरच ऊस घेता येई आणि उरलेल्या भागात पिकांची फेरपालट करावी लागे. पाणी दूरवरच्या गावांपर्यंत पोहोचावे आणि एकाच जागी ते साचू नये, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. तरीही उसाखालील जमिनी पाणथळ व खारट होऊ लागल्या, आणि १९१६ पासून अभियंता इंग्लिस यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्या निचऱ्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. खाली पाणी जास्त झाल्याचे दुखणे इतक्या काळजीने तपासले गेले, ही पाटबंधारे विभागाच्या कामातील खरोखर गौरवाची बाब होय. वरच्या खोऱ्याच्या वाट्याला मात्र अशी काळजी आली नाही.

वाढत्या मागणीमुळे भाटघरच्या जुन्या धरणाच्या खालच्या अंगाला नवे, सुमारे ५८ मीटर उंच आणि १,६२५ मीटर लांब असे लॉइड धरण बांधण्यात आले, ते १९२८ साली पूर्ण झाले आणि जुनी भिंत त्याच्या पाण्यात बुडाली. या जलाशयाला आता येसाजी कंक यांचे नाव आहे.

स्वातंत्र्यानंतर देखरेखीला सुरक्षिततेचा नवा अर्थ आला, आणि त्याची किंमत वेल्हे तालुक्यात सुरू झालेल्या एका दुर्घटनेत मोजावी लागली. आंबी नदीवरील पानशेतच्या मातीच्या धरणात १९६१ च्या पावसाळ्यात पाणी अडवण्यात आले, तेव्हा पाणी सोडण्याच्या मोरीच्या दरवाजांचे काम अपुरे होते. मोरीवरील भराव खचत गेला, १२ जुलै रोजी धरण फुटले, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. अपूर्ण काम भरण्याचा निर्णय कोणाच्या मान्यतेने व्हावा, याचे बंधनकारक नियम त्या काळी असते तर हा अनर्थ टळण्याची शक्यता होती. पावसाळ्यापूर्वीची व नंतरची धरण-तपासणी, तसेच कोणत्या तारखेला किती पाणी साठवावे हे सांगणारी जलाशय प्रचालन सूची, या आजच्या नित्याच्या बाबी अशाच अनुभवांमुळे अपरिहार्य ठरल्या. देशभरासाठी धरण सुरक्षा कायदा मात्र २०२१ साली आला.

दरम्यान नियमनाचे आणखी थर चढत गेले. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने, नीरा ज्यात मोडते त्या कृष्णा खोऱ्यातील पाण्यापैकी ५६० टीएमसी महाराष्ट्राला दिले. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर. १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, १९७६ च्या पाटबंधारे कायद्याने १८७९ च्या कायद्याची जागा घेतली, आणि २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा होऊन पाण्याचा हक्क क्षेत्राऐवजी घनमापाने ठरवण्याची कल्पना रूढ झाली. नीरेवर देवघर येथे नीरा-देवघर धरण आणि कानंदीवर गुंजवणी धरण उभे राहिले, ते याच काळात.

नीरा प्रणालीतील चार धरणांची उपयुक्त साठवण ४८.३३ टीएमसी मानली जाते. त्यात भाटघरचे २३.५०, नीरा-देवघरचे ११.७३ आणि गुंजवणीचे ३.६९ टीएमसी, म्हणजे एकूण सुमारे चार-पंचमांश पाणी, भोर-वेल्ह्यातील डोंगरांमध्ये साठते; उरलेले वीर धरणात. डाव्या व उजव्या कालव्यांतील वाटपावरून २०१९ आणि २०२० साली शासनाने जे परस्परविरोधी निर्णय घेतले, त्यांची राज्यभर चर्चा झाली. त्या सगळ्या चर्चेत प्रश्न होता तो वीरच्या खालच्या तालुक्यांना किती पाणी मिळावे याचा. जलाशयाच्या काठावरील शेतकऱ्याला मात्र त्याच पाण्यासाठी उपसा परवाना घ्यावा लागतो आणि पंपाचा खर्च स्वतः सोसावा लागतो, तर वरच्या वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. प्राधिकरणाने हक्क घनमापाने ठरवण्याचे तत्त्व स्वीकारलेले असताना धरणांच्या वरच्या गावांच्या पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा आकडाही त्याच तत्त्वाने, इतर हक्कांच्या आधी, निश्चित व्हायला हवा, आणि पाणीवाटपाचे नियोजन करणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या प्रत्येक बैठकीत त्या आकड्याच्या अंमलबजावणीचा हिशेब मांडला जायला हवा.