परावलंबी स्रोत व सममूल्य मंडल

ज्या स्रोताचा दाब किंवा प्रवाह त्याच मंडलातील दुसऱ्या एखाद्या दाबावर वा प्रवाहावर ठरतो, तो परावलंबी स्रोत. अभियांत्रिकीच्या वर्गात त्याला सर्रास डिपेंडंट सोर्सच म्हणतात. आकृतीत त्याची खूण शंकरपाळ्याच्या आकाराची असते. असा सुटा स्रोत दुकानात मिळत नाही. ट्रान्झिस्टर, ऑप-अँप यांचे वर्तन गणितात बसवण्यासाठी तो कल्पिलेला आहे.

असा स्रोत कुठे लागतो, याचे एक उदाहरण कापसाच्या खरेदीत सापडते. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा कापसाचा तालुका. कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्यापुढे माल नाकारला जातो. ओलावा वाढला की कापसाचा विद्युत् रोध घटतो. रोधावर चालणारे मापक तेच हेरते. मात्र कोरड्या कापसाचा रोध इतका मोठा असतो, की साधा काटा थेट जोडला तर तो हलतही नाही. मध्ये प्रवर्धक लागतो, आणि प्रवर्धक आला की आकृतीत परावलंबी स्रोत आलाच.

अशा मंडलाचे दोन टोकांपुरते सममूल्य रूप म्हणजे एक दाबस्रोत आणि त्याच्याशी एकसरीत एक रोध. फ्रेंच तारखात्यातील अभियंता लेओं शार्ल थेव्हेनिन याने हे १८८३ मध्ये मांडले. हेल्महोल्ट्झने ते १८५३ मध्येच दाखवले होते, पण नाव थेव्हेनिनचे चालले. प्रवाहस्रोताचे जोडरूप १९२६ मध्ये नॉर्टन व मायर यांनी स्वतंत्रपणे दिले.

हा सममूल्य रोध काढताना स्वतंत्र स्रोत शून्य करतात, परावलंबी मात्र जसाच्या तसा ठेवावा लागतो. परीक्षेत गुण जातात ते इथेच. उदाहरणार्थ, एमिटर फॉलोअरच्या बेसला १०० किलोओहमचा स्रोतरोध आहे, ट्रान्झिस्टरचा अंतर्गत रोध २.५ किलोओहम आणि प्रवाहवृद्धी ९९. एमिटरवर १ व्होल्टचा चाचणीस्रोत लावला, की बेसमार्गे १ ÷ १०२.५ मिलिअँपिअर प्रवाह जातो. परावलंबी स्रोत त्याच्या ९९ पट भर घालतो. एकूण प्रवाह शंभरपट, म्हणून रोध १,०२५ ओहम. परावलंबी स्रोतही काढून टाकला तर उत्तर १०२.५ किलोओहम येते, म्हणजे शंभरपट चूक.

मंडलात स्वतंत्र स्रोत एकही नसेल, तर खुला दाब आणि लघुपथ प्रवाह दोन्ही शून्य येतात व रोध देणारा त्यांचा भागाकार निरर्थक ठरतो. तेव्हा चाचणीस्रोतावाचून गत्यंतर नाही. कधी रोध ऋणही येतो. ते उत्तर खोडू नये : आंदोलक मंडले याच ऋण रोधावर चालतात.