पडत्या काळाचा सोबती

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु कष्टकऱ्याच्या मजुरीला आणि त्याने धन्याशी केलेल्या करारालाही इतिहास असतो, आणि कधीकधी तो खेळाच्या मैदानावर फार स्वच्छ दिसतो. चार्ली हर्ली या आयरिश फुटबॉलपटूची हकीकत त्या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे.

हर्लीचा जन्म १९३६ साली आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क शहरात झाला. त्या काळी आयर्लंडातली माणसे पोटामागे समुद्र ओलांडून इंग्लंडात जात. हर्ली तान्हा होता, तेव्हाच त्याचे घरचे लोक इंग्लंडात एसेक्स परगण्यात येऊन राहिले. पोरगा वाढला इंग्लंडात, पण नाळ पुरलेली कॉर्कला.

इंग्लंडात फुटबॉलच्या संघांना शाळेसारख्या इयत्ता असतात. वर्षभराच्या सामन्यांचे गुण मोजतात. वरच्या वर्गात तळाशी राहिलेले संघ खाली उतरतात आणि खालच्या वर्गातले पहिले संघ वर चढतात. हर्लीने १९५३ साली सुरुवात केली ती लंडनच्या मिलवॉल संघात, म्हणजे तिसऱ्या वर्गात. त्याची जागा बचावफळीच्या मधोमध, आपल्या गोलरक्षकाच्या पुढे. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. गोल अडवणाऱ्याची आठवण होते ती तो चुकला की! शेतात राखणदाराचे असते ना, तसेच.

१९५७ च्या मे महिन्यात इंग्लंडने आयर्लंडचा ५-१ असा फडशा पाडला. त्यांतले तीन गोल एकट्या टॉमी टेलरचे. अकराच दिवसांनी डब्लिनला पुन्हा गाठ पडली. या वेळी आयर्लंडने तिसऱ्या वर्गातल्या वीस वर्षांच्या हर्लीला उभे केले. टेलरला एकही गोल करता आला नाही. शेवटच्या क्षणी इंग्लंडने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. पण नवा गडी सर्वांच्या नजरेत भरला.

त्याच वर्षी सप्टेंबरात संडरलंडने त्याला विकत घेतले. जहाजबांधणीचे आणि कोळशाच्या खाणींचे हे उत्तरेकडचे गाव. संघ नामांकित, १८९० पासून सतत पहिल्या वर्गात. पण नेमके त्याच वर्षी, नियमाबाहेर पैसे दिल्याबद्दल संघाला जबर दंड झाला होता. हर्लीचा पहिला सामना ब्लॅकपूलशी झाला; संडरलंड ०-७ ने हरले. दुसरा बर्नलीशी, ०-६. दोन सामन्यांत तेरा गोल! १९५८ साली तर अडुसष्ट वर्षांत प्रथमच संघ दुसऱ्या वर्गात उतरला. हर्ली मात्र तेथेच राहिला, एक दोन नव्हे, तब्बल बारा वर्षे.

येथे कोणी चिकित्सक शिक्षक विचारील, आणि विचारावेच, की ही निष्ठा होती की नाइलाज? हा प्रश्न समजण्यासाठी तेव्हाचे नियम बघा. खेळाडूला हंगामात आठवड्याला वीस पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही, मग मैदानावर पन्नास हजार लोक तिकीट काढून येवोत. आणि कराराची मुदत संपली तरी, संघाने सोडल्याशिवाय खेळाडूने दुसरीकडे जायचे नाही. आपल्याकडे साल भरले आणि उचल फिटली की सालगडी पाडव्याला दुसऱ्याचा मळा धरू शकतो. या गड्यांना तेवढीही मोकळीक नव्हती. अशा दावणीला बांधलेल्याला निष्ठावंत म्हणणे सोपे असते, कारण त्याची परीक्षाच झालेली नसते.

हे दावे हळूहळू सैल झाले. खेळाडूंची संघटना संपाच्या तयारीने उभी राहिली, तेव्हा १९६१ च्या जानेवारीत पगाराची मर्यादा गेली. पुढे संडरलंडच्या शेजारच्याच न्यूकॅसल संघाविरुद्ध जॉर्ज ईस्टहॅम हा खेळाडू कोर्टात गेला. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की, खेळाडूला असे अडकवून ठेवणे म्हणजे धंद्यावर गैरवाजवी बंधन आहे. दार सताड उघडले नाही, पण किलकिले झाले.

हर्लीची खरी परीक्षा याच वर्षांतली. १९६२ साली संडरलंडचे वर चढणे एका गुणाने हुकले. १९६३ साली चेल्सीशी गुण बरोबर झाले, पण गोलांच्या सरासरीवर चेल्सी वर गेले. हातातोंडाशी आलेला घास दोनदा गेला. निराश होऊन दुसरी वाट बघावी असे हे दिवस. हर्लीने तसे केले नाही. उलट त्याने आपले काम वाढवले. कोपऱ्यावरून चेंडू मारायचा असला की तो मागची राखण सोडून पुढे धावे आणि उंच उडी घेऊन डोक्याने गोल करी. बचावाच्या गड्याने असे पुढे जाणे त्या काळी फारसे कोणी पाहिलेले नव्हते. अखेर १९६४ साली दुसरा क्रमांक मिळवून संडरलंड पहिल्या वर्गात परतले. त्या वर्षीच्या उत्तम खेळाडूच्या निवडीत हर्ली दुसरा आला; पहिला होता बॉबी मूर.

१९६९ साली त्याने संडरलंड सोडले, तोवर या संघासाठी चारशे सामने झाले होते. आयर्लंडकडूनही तो चाळीस सामने खेळला. एवढे करून संडरलंडमध्ये पहिल्या वर्गाचे विजेतेपद नाही की मोठा चषक नाही. १९७३ साली संडरलंडने चषक जिंकला, तेव्हा तो रीडिंग संघाचा व्यवस्थापक होता. पण १९७९ साली संघाला शंभर वर्षे पूर्ण झाली आणि शतकातला श्रेष्ठ खेळाडू कोण असे विचारले, तेव्हा लोकांनी नाव घेतले हर्लीचे. चषक आणणाऱ्यांना त्यांनी मान दिलाच, पण पडत्या काळात जो सोबत होता त्याला ते विसरले नाहीत. २०२४ साली, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, हर्ली वारला.

ईस्टहॅम भांडला आणि हर्ली राहिला. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करू नये. एकाने जाण्याचा हक्क मिळवला, म्हणूनच दुसऱ्याच्या राहण्याला मोल आले. गडी बांधलेला असेल तर त्याच्या निष्ठेची किंमत धन्यालाही कळत नाही. वाट मोकळी असताना जो थांबतो, त्याचे थांबणे लोक पिढ्यान्‌पिढ्या ध्यानात ठेवतात.