आजीचा जबाब

निस्तार हा शब्द आपल्या तुमसर तालुक्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सरपण, बांबू, चराई, घराला लागणारं लाकूड, सगळं त्यात आलं. मग गावाचंच असलेलं गावाला मागून का घ्यावं लागतं?

हे ज्यांनी शोधलं, त्या इतिहासकाराचं नाव महेश रंगराजन. दिल्लीत आणि ऑक्सफर्डला शिकले, दिल्ली विद्यापीठात शिकवलं. निवडणुकांवर टीव्हीवर बोलताना तुम्ही त्यांना पाहिलंही असेल. पण त्यांचं पहिलं मोठं काम आपल्या मुलखावरचं. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत केला, त्यात भंडारा होता. १८६० ते १९१४ या काळात इथल्या जंगलाचं काय झालं, ते त्यांनी सरकारी दप्तरातून काढलं. पुस्तक आलं १९९६ साली, ‘फेन्सिंग द फॉरेस्ट’. जंगलाला कुंपण.

हे कुंपण कायद्याचं होतं. रेल्वेला लाकडी स्लीपर हवे होते. १८८० च्या दशकात छत्तीसगडकडे रूळ गेले ते आपल्या देव्हाडीवरूनच. जंगलं राखीव झाली. बालाघाटच्या पलीकडे मंडल्यात बैगा लोक जंगल जाळून फिरती शेती करायचे, ती बेवर बंद पाडली. १८९० साली त्यांना एक तुकडा नेमून दिला, बैगा चक. सगळं रान ज्यांचं, त्यांना चक! वाघ मारणाऱ्याला मात्र सरकार बक्षीस द्यायचं. मालगुजारांची जंगलं तेवढी वेगळी राहिली, तीही १९५१ ला सरकारकडे गेली.

हे जुनं आज का सांगतो? वनहक्क कायद्यात गोंड कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा वापर दाखवावा लागतो. ढिवर कुटुंबाला त्याआधीची ७५ वर्षं, तीन पिढ्या. इतका जुना कागद ढिवराच्या घरात कुठून असणार? पण गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल, वनखात्याचे जुने आराखडे पुरावा म्हणून चालतात. रंगराजन यांनी वर्षानुवर्षं वाचली ती असलीच कागदपत्रं.

त्यांत मोहफूल वेचणाऱ्या बाईचं नाव मात्र नसतं. कोणत्या मोहाखाली कोणत्या घरानं झाडायचं, हे साहेबाला काय माहीत? म्हणून आम्ही शेजारच्या गावच्या एका आजीचा जबाब लिहून घेतला. कचेरीतला बाबू म्हणाला, “हा कसला पुरावा?” आम्ही नियम १३ काढून दाखवला. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब त्यात आहे. त्यानं तो दोनदा वाचला आणि फाइलला लावला.

तुमच्याही शेजारगावात अशा आजी असतील. मोहाच्या हंगामाआधी जाऊन या. झाडांची नावं त्या सांगतील तशीच लिहा आणि अंगठ्याशेजारी तारीख टाका. आमची टाकायची राहिली होती, परत जावं लागलं.