घरच्या उन्हातली छायाचित्रं : सायनोटाइपची गोष्ट

सुरुवातीला हा कागद एकदा हातोहात फिरवू या. गडद निळ्या जमिनीवर पांढरं पिंपळपान. वहीत ठेवून जाळी झालेलं पान आहे, त्यामुळे शीर न् शीर उमटली आहे. हे छायाचित्र आम्ही गच्चीवर केलं. कॅमेरा नाही, डार्करूम नाही, वीजसुद्धा नाही. दोन रसायनं, ऊन आणि बादलीभर पाणी, एवढ्यावर काम झालं. या पद्धतीला सायनोटाइप म्हणतात.

छायाचित्रणाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो. पॅरिसचे दागेर, इंग्लंडचे टॅल्बट, मग स्टुडिओ, मग कंपन्या. आज आम्ही दुसऱ्या दारानं आत जाणार आहोत, म्हणजे घराच्या दारानं. कारण छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक एका बाईनं घरी केलं, आणि नंतर जग तिचं नावच विसरून गेलं. असं का झालं, हा आजचा खरा प्रश्न.

आधी ही पद्धत कुठून आली ते पाहू. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे चिरंजीव सर जॉन हर्शेल हेही मोठे खगोलशास्त्रज्ञ. चित्र पक्कं करायला पुढे सगळ्यांनी वापरलेला 'हायपो' चांदीचे क्षार विरघळवतो, हे त्यांनी १८१९ मध्येच दाखवलं होतं. १८४२ मध्ये ते वनस्पतींच्या रसांवर आणि लोहाच्या क्षारांवर उन्हाचा काय परिणाम होतो ते तपासत होते. त्यात त्यांना ही निळी छपाई सापडली. तोवर छायाचित्र म्हणजे चांदीचं काम, म्हणजे खर्चाचं. हर्शेल यांनी चांदीच्या जागी लोखंड आणलं.

घटक दोन. एक पोटॅशियम फेरिसायनाइड, दुसरं फेरिक अमोनियम सायट्रेट. हे दुसरं त्या काळी रक्तवाढीचं औषध म्हणूनही देत असत, बरं का. दोन्ही द्रावणं एकत्र करून कागदाला फासायची आणि कागद अंधारात वाळवायचा. वाळला की तो पिवळट हिरवा दिसतो. त्यावर पान ठेवायचं, वर काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. ऊन लागतं तिथलं लोह बदलतं, फेरिकचं फेरस होतं, आणि फेरिसायनाइडशी मिळून त्याचा प्रशियन ब्लू नावाचा रंग बनतो. तो पाण्यात विरघळत नाही. पानाखालच्या सावलीतलं मिश्रण मात्र तसंच राहतं आणि धुताना निघून जातं. आपला 'छायाचित्र' हा शब्द इथे अक्षरशः खरा ठरतो. हे सावलीचंच चित्र.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. टॅल्बट यांनी आपल्या कॅलोटाइप पद्धतीचं १८४१ मध्ये पेटंट घेतलं होतं. हर्शेल यांनी सायनोटाइपचं पेटंट घेतलं नाही. कृती खुली होती, सामान स्वस्त होतं. ती कुणाच्या हातात पडते एवढाच प्रश्न होता.

ती पडली अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांच्या हातात. जन्म १७९९, केंट परगण्यातल्या टनब्रिजचा. आई अगदी लहानपणी गेली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन शास्त्रज्ञ, ब्रिटिश म्युझियममध्ये अधिकारी, आणि हर्शेल व टॅल्बट या दोघांच्याही ओळखीचे. त्या काळच्या मानानं अ‍ॅनाबाईंना विज्ञानाचं असाधारण शिक्षण घरातच मिळालं. वडिलांनी लामार्क यांच्या शंखशिंपल्यांवरच्या ग्रंथाचं भाषांतर केलं, तेव्हा त्यासाठी अडीचशेहून अधिक चित्रं अ‍ॅनाबाईंनी काढली. म्हणजे त्या कसलेल्या चित्रकार होत्या. हे लक्षात ठेवा.

त्यांना आवड समुद्रशैवालांची. विल्यम हार्वे यांचं ब्रिटिश शैवालांवरचं पुस्तक १८४१ मध्ये आलं, पण त्यात चित्रं नव्हती. शैवालाचे तंतू केसाहून बारीक, ते हातानं अचूक काढणं महाकठीण. हे अ‍ॅनाबाईंनी स्वतः प्रस्तावनेत नोंदवलं आहे, आणि म्हणून हर्शेल यांची पद्धत वापरली असं सांगितलं आहे. चांगलं चित्र काढता येणारी बाई 'इथे माझ्या हातापेक्षा ऊन अचूक आहे' असं म्हणते! यामागे वैज्ञानिकाचा निर्णय आहे.

ऑक्टोबर १८४३ मध्ये पहिला भाग तयार झाला. टॅल्बट यांचं गाजलेलं 'पेन्सिल ऑफ नेचर' त्यानंतर, १८४४ मध्ये निघू लागलं. अ‍ॅनाबाईंचं काम पुढे दहा वर्षं, १८५३ पर्यंत चाललं. एका पूर्ण प्रतीत सुमारे ४०० चित्रं. यात छपाईयंत्र कुठेच नाही. प्रत्येक कागदाला रसायन लावायचं, वाळवायचं, शैवाल आणि त्याच्या नावाची चिठ्ठी मांडायची, उन्हात ठेवायचं, धुवायचं. नुसत्या दहा प्रती धरल्या तरी ४,००० वेळा हेच. आणि ऊन इंग्लंडचं, आपलं नव्हे! मजकुराची पानंही हस्ताक्षरावरून याच रीतीनं छापलेली. १८५२ मध्ये वडील वारले. त्यानंतर बहिणीसारखी बालमैत्रीण अ‍ॅन डिक्सन सोबतीला आली, आणि दोघींनी मिळून नेच्यांची निळी चित्रं केली.

हे पुस्तक दुकानात गेलं नाही. मित्रांना, अभ्यासकांना, संस्थांना भेट गेलं. हर्शेल यांची प्रत आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. प्रस्तावनेखाली सही फक्त 'ए. ए.' अशी. १८७१ मध्ये अ‍ॅनाबाई गेल्या. पुढे १८८९ च्या सुमारास ग्लासगोच्या विल्यम लँग यांनी या पुस्तकावर लिहिलं, तेव्हा 'ए. ए.' म्हणजे 'अ‍ॅनॉनिमस अमॅच्युअर', अनामिक हौशी, असा त्यांनी अंदाज केला. खरं नाव नंतर पुढे आलं, पण बाईंचं काम पुन्हा बाजूला पडलं. थेट १९८५ मध्ये लॅरी शाफ यांच्या पुस्तकानं ते नीट जगापुढे मांडलं.

विसर का पडला? आम्हाला कारणं तीन दिसतात. काम घरातलं, विक्री नाही, आणि पद्धत स्वस्त. निळ्या रंगाला छायाचित्रकारही नाकं मुरडत. पीटर हेन्री इमर्सन यांनी तर १८८९ मध्ये निळ्यात निसर्गचित्र छापणाऱ्याची गणना रानटी माणसांत केली.

मजा अशी, की कलेनं नाकारलेला हा कागद कचेऱ्यांनी उचलला. १८७० च्या दशकापासून इंजिनीअर आणि वास्तुरचनाकार नकाशांच्या प्रती यावर काढू लागले. निळ्यावर पांढऱ्या रेघा. तीच 'ब्लू प्रिंट'. कागद गेला, शब्द उरला. आज आपल्याकडे कुठल्याही शहराच्या विकासाची 'ब्लू प्रिंट' जाहीर होते, तेव्हा बोलणारा नकळत हर्शेल यांचंच नाणं वापरत असतो.

आता घरी करायचं असेल तर. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम फेरिसायनाइड, आणि वापरताना समान भाग. नावातल्या 'सायनाइड'ला घाबरू नका, पण तीव्र आम्लाजवळ ते नेऊ नका, आणि स्वयंपाकघरातली भांडी मुळीच वापरू नका. आमची पहिली चित्रं फिकी पडत गेली. दोष पाण्याचा निघाला. बोअरचं पाणी अल्कधर्मी होतं, आणि अल्क या निळ्याचा शत्रू. धुण्याच्या पाण्यात थोडं लिंबू पिळलं, निळा टिकला. तेव्हा चित्र साबणाच्या पाण्यात बुडवू नका.

शेवटी एवढंच. 'हौशी' हा शब्द आपण जरा खालच्या सुरात उच्चारतो. लँग यांनीही तो तसाच सहज वापरला असावा. पण ती हौस दहा वर्षं टिकली, आणि तिच्यातून एक नवी ग्रंथपरंपरा सुरू झाली. तुमच्या घरी आजीच्या रांगोळीच्या वह्या असतील, भरतकामाचे नमुने असतील, वाळवलेल्या पानांचे कागद असतील. आवरायला काढाल तेव्हा त्यावर निदान पूर्ण नाव लिहून ठेवा. दोन आद्याक्षरं पुरत नाहीत.

आता प्रश्न घेऊ.